हॅलो म्हणा, जरा लांबून

जुने फोटो, जुनी पत्रं आणि जुने सिनेमे माणसाने एकट्याने पाहावेत. बायकोमुलांच्या देखत पाहू नयेत. फोटोत आपण मधोमध भांग पाडलेला असतो, पत्रात ‘हृदय’ चुकीचं लिहिलेलं असतं. पण त्यावर फार तर हसं होतं आणि प्रकरण मिटतं. सिनेमाचं तसं नाही. आपण पूर्वी कुठे हसलो होतो ते आपल्याला आठवत असतं, आणि शेजारी बसलेलं माणूस नेमकं तिथेच हसत नसतं.

हे ज्ञान मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी झालं. २०२४ साली जुने सिनेमे नव्याने थिएटरात लावायची साथ आली होती. त्या साथीत ऑगस्टच्या अखेरीस ‘रहना है तेरे दिल में’ पुन्हा लागला. ही बातमी आमच्या हिने मला ज्या स्वरात सांगितली, त्या स्वरात तिने माझ्या पगारवाढीची बातमीही कधी ऐकलेली नाही. तिचा माधवनवर जीव आहे. लग्नाआधीपासून आहे, आणि पाहण्याच्या कार्यक्रमातच तिने तो जाहीर केलेला असल्यामुळे मला तक्रारीला जागा नाही. कन्या अकरावीला, कॉमर्सला. ‘तुमच्या काळातला पिक्चर’ पाहायला ती आली, ती वस्तुसंग्रहालयात यावी तशी. २००१ हा ‘काळ’ झाला हेही मला तिथेच कळलं.

वास्तविक त्या काळात आम्हांला करमणुकीची ददात नव्हती. जूनमध्ये ‘लगान’ आणि ‘गदर’ एकाच दिवशी लागले, ऑगस्टमध्ये ‘दिल चाहता है’ आला आणि ऑक्टोबरात हा. दिग्दर्शक गौतम मेनन. त्याच वर्षी त्याने हीच गोष्ट तमिळमध्ये ‘मिन्नले’ या नावाने केली होती. तिथेही नायक माधवनच. तमिळ सिनेमा चालला, हिंदी पडला. मी पाहिला तेव्हा थिएटरात आम्ही इतके थोडे होतो की मध्यंतरात सर्वांची एकमेकांशी ओळख झाली. पुढे गाण्यांनी आणि केबलच्या चॅनलांनी त्याला असा काही वर काढला, की ज्यांनी तो थिएटरात पाहिलाच नाही तेही आता ‘आम्ही पहिल्या दिवशी पाहिला होता’ म्हणून सांगतात. मी खरोखरच पाहिला होता. चार दिवसांत दोनदा. त्याचे परिणाम पुढे येतील.

ज्यांना गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅडी नावाचा एक उनाड पण गोड तरुण. त्याला भर पावसात भिजणारी एक मुलगी दिसते. ही रीना, म्हणजे दिया मिर्झा. चौकशी करता कळतं की तिचं लग्न अमेरिकेतल्या कुणा राजीवशी ठरलंय, आणि मोठेपणी तिने या राजीवला पाहिलेलंच नाही. झालं! मॅडी राजीव बनून तिच्या घरी हजर होतो. चार-पाच दिवस हिंडतो, फिरतो, ती त्याच्या प्रेमात पडते. मग खरा राजीव येतो. तो सैफ अली खान, आणि तो निघतो मॅडीचा कॉलेजातला हाडवैरी. रीना खवळते. मॅडी माफी मागत मागत तिच्या मागे मागे फिरतो. शेवटी खरा राजीवच मोठ्या मनाने बाजूला होतो आणि गोड शेवट.

आता मी पडलो बँकेतला माणूस. २००१ मध्ये नव्हतो पडलो, त्यामुळे तेव्हा मजा आली. या वेळी मला खुर्चीत बसवेना. एक माणूस येतो, दुसऱ्याचं नाव सांगतो, आणि अख्खं घर त्याला चहा पाजतं! फोटो नाही, सही नाही, पत्त्याचा पुरावा नाही. आमच्याकडे स्वतःच्या खात्यातले स्वतःचे पैसे काढायला आलेल्या एका पेन्शनर आजोबांना मी सही जुळत नाही म्हणून तीनदा परत पाठवलंय. ‘हात थरथरतो हो,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘आजोबा, मग खातं उघडतानाच थरथरता हात वापरायचा होता.’ घरी आल्यावर मी तारखा ताडून पाहिल्या. सिनेमा ऑक्टोबर २००१ चा. रिझर्व्ह बँकेने केवायसीचं, म्हणजे ‘आपला ग्राहक ओळखा’चं परिपत्रक काढलं ऑगस्ट २००२ मध्ये. मॅडी दहा महिन्यांनी वाचला.

थिएटरात आमची ही नायकाची वाक्यं नायकाच्या आधी म्हणत होती. कन्या गप्प. मॅडी रीनाचा पत्ता शोधून काढतो तिथे तिने मला हळूच विचारलं, ‘बाबा, हा गुन्हा नाही का?’

‘आहे,’ मी म्हणालो. ‘२०१३ पासून. कलम ३५४-ड. आता नव्या न्याय संहितेत ७८.’ (माझी काही कायद्याची आवड नाही. काउंटरच्या समोरच्या भिंतीवर एक तक्ता आहे, आणि दुपारी तीननंतर वाचायला दुसरं काही नसतं.)

‘म्हणजे २००१ मध्ये नव्हता?’

‘असा वेगळा नव्हता.’

‘मग २००१ मध्ये याला काय म्हणायचे?’

‘प्रेम,’ मी म्हणालो.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हसले. कन्या हसली नाही. पुढे सैफ अली खान नायिकेला माधवनच्या हवाली करतो, तेव्हा तिने पुन्हा विचारलं, ‘बाबा, हा कोण देणारा?’ चेकच्या पाठीवर सही करून तो दुसऱ्याच्या नावे करतात तसाच तो प्रकार दिसत होता खरा. मी म्हटलं, ‘अकाउंट पेयी नसेल.’ या वेळी गृहस्थही हसले नाहीत.

घरी परतताना रिक्षात वाद झाला. आमच्या हिचा मुद्दा चार शब्दांचा होता. नाव खोटं, माणूस खरा. ती म्हणाली, रीनाला जो आवडला तो मॅडीच ना? त्याचं बोलणं, त्याचं हसणं, त्याचा वेडेपणा. राजीवचं त्यात काय होतं? फक्त नाव. मी म्हटलं, बँकेत नाव हेच सगळं असतं. समजा, कुणी खोट्या नावाने खातं उघडलं आणि त्यात खरे पैसे भरले, तर आम्ही काय करतो? खातं गोठवतो. नोटा अस्सल असल्या तरी गोठवतो. रीनाची पंचाईत नेमकी हीच होती. ठेव अस्सल, खातं बोगस. आणि तिने ते गोठवलंही. ती चिडते, त्याला हाकलून देते, तो समोर आला की तिचा चेहरा दगडासारखा होतो. सिनेमातला तेवढा भाग मला आजही खणखणीत वाटला. गोठवलेलं खातं पुन्हा उघडायला मॅडीने कागदपत्रं काय दिली, एवढंच मला समजलं नाही. तो नुसता रोज काउंटरवर येऊन उभा राहिला.

‘फार बँकेच्या गोष्टी सांगू नका,’ ही म्हणाली. ‘आपल्या बैठकीत मामंजी काय म्हणाले होते? मुलगा दोन वर्षांत ऑफिसर होईल.’

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी आजही क्लार्क आहे. म्हणजे आमच्या लग्नात ज्याला हिने होकार दिला तो दोन वर्षांनंतरचा ऑफिसर कधी आलाच नाही. त्याच्या नावावर हा गृहस्थच वीस वर्षं राहतोय. हिने खातं गोठवलं नाही ही तिची मेहेरबानी. पण एक गोष्ट माझ्या बाजूने आहे. तो ऑफिसर मी बनवलेला नव्हता, वडिलांनी बनवला होता, आणि मी फक्त पोहे खात खाली पाहत होतो. (खाली पाहणं ही सही धरतात का, हा प्रश्न मी मुद्दाम कुणाला विचारलेला नाही.)

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हा विषय आमच्या हेड कॅशियरांसमोर निघाला. ते संगीत नाटकांतले. ते म्हणाले, ‘यात नवीन काय आहे? अण्णासाहेब किर्लोस्करांचं सौभद्र १८८२ चं. अर्जुन संन्यासी बनून बलरामाच्या घरी राहत नाही का? सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरलेलं नाही का? एकशेचाळीस वर्षं महाराष्ट्र वन्समोअर देतोय!’ क्षणभर मी निरुत्तर झालो. पण डब्यातली भाजी संपेपर्यंत मला फरक सापडला. सुभद्रेचं मन आधीपासून अर्जुनावरच असतं. तो संन्यासी होतो तो बलरामाला फसवायला. सुभद्रेला तो जिंकत नाही, ती जिंकलेलीच असते. थोरल्या भावाला फसवणं आणि जिच्याशी संसार करायचा तिलाच फसवणं, ही दोन निरनिराळी खाती आहेत. घरमालकाला फसवणं हे तिसरं खातं. त्याबद्दल ‘अशी ही बनवाबनवी’नंतर पुण्यात कुणी काही बोलत नाही.

हेड कॅशियर डबा बंद करत म्हणाले, ‘सोडा हो. त्या काळी चालायचं.’

हे वाक्य मीही आयुष्यात शंभरदा म्हटलं असेल. त्या दिवशी ते घशाखाली गेलं नाही, कारण आदल्या रात्री एक प्रकार झाला होता. तो सांगायचा म्हणजे मला माझी टेलिफोनची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या नात्यात ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मुंजी, बारशी, डोहाळजेवणं, कुठेही मंडळी जेवून सुस्तावली की कुणीतरी म्हणतं, ‘ते टेलिफोनचं सांगा!’ आणि मी आढेवेढे न घेता सांगतो. ती अशी.

मी टी.वाय. बी.कॉम.ला होतो. सदाशिव पेठेत संध्याकाळी कॉस्टिंगचा खाजगी क्लास लावला होता. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. राहायला कोथरूडला. मी सहकारनगरला. सिनेमा दुसऱ्यांदा पाहून आल्यावर मी क्लास सुटल्यानंतर कोथरूडच्या बसमध्ये चढू लागलो. कोथरूडला माझं कोणीही नव्हतं. ती उतरली की मी पुढे डेपोपर्यंत जायचो, उलट्या बसने परत यायचो आणि स्वारगेटमार्गे घर गाठायचो. घरी सांगितलं होतं की जादा लेक्चरं असतात. वडील म्हणायचे, पोरगा सी.ए. होणार. बसमध्ये मी तिच्या मागे दोन बाकं सोडून बसायचो. एक शब्द कधी बोललो नाही. न बोलणं म्हणजे सभ्यपणा अशी माझी समजूत होती.

मग क्लासच्या हजेरीच्या वहीतून तिचा नंबर उतरवला आणि चौकातल्या एक रुपयाच्या डब्यावरून फोन लावला. तिनेच उचलला. माझी वाचा बसली. तेवढ्यात मॅडी आठवला. मॅडी राजीव झाला, मी टेलिफोन खात्याचा माणूस झालो. ‘मॅडम, एक्स्चेंजमधून बोलतोय. लाईन तपासायची आहे. जरा हॅलो म्हणा.’ ती म्हणाली, ‘हॅलो.’ ‘पुन्हा म्हणा.’ ‘हॅलो.’ ‘आता जरा लांबून म्हणा.’ तिने बिचारीने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून म्हटलं, ‘हॅलोऽऽ!’ ‘आता डाव्या कानाला लावून म्हणा.’ ‘पण तक्रार कुणी केली?’ ‘मॅडम, लाईननेच केली.’ तेवढ्यात रुपयाची तीन मिनिटं संपली.

असं चार वेळा केलं. चौथ्या खेपेला तिच्या वडिलांनी उचलला. एकदम ठेवला असता तर संशय आला असता, म्हणून त्यांनाही मी बारा वेळा हॅलो म्हणायला लावलं. लांबून, जवळून, आणि एकदा खिडकीपाशी जाऊन. पुढच्या महिन्यात तिने क्लासच सोडला. ‘अशी ती कोथरूडची लाईन कायमची बंद पडली!’

इथे हशा येतो. नेहमी येतो. कन्या तीन वर्षांची असताना पाहुण्यांसमोर हीच गोष्ट करून दाखवायची. खेळण्यातला फोन कानाला लावून, ‘मॅदम, हॅलो म्हना, जला लांबून.’ पाहुणे लोळायचे. मी तिला खाऊ द्यायचो.

तर सिनेमाहून आलेल्या त्या रात्री, वातावरण हलकं करावं म्हणून जेवताना मी हीच गोष्ट काढली. लाईन कायमची बंद पडली. आमची ही हसली. कन्या ताटातला भात चिवडत म्हणाली, ‘आणि तिची फी?’

‘कसली फी?’

‘क्लासची. वर्षाची आधीच भरावी लागते ना? माझी तशीच भरलीये. परत मिळाली का तिला?’

कॉमर्सला घातल्याचा असाही परिणाम होतो. मिळाली नसणार. त्या क्लासच्या पावतीवर खालीच छापलेलं होतं, एकदा भरलेली फी कोणत्याही सबबीवर परत मिळणार नाही. २४०० रुपये होती. माझ्या वडिलांनी दोन हप्ते करून मागितले होते, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे.

मी म्हटलं, ‘अगं, तिने कशामुळे सोडला ते मला काय माहीत? आजारी पडली असेल. दुसरीकडे लावला असेल.’

‘तुम्ही विचारलंत?’

‘कोणाला विचारणार? मी तर तिच्याशी कधी बोललोच नव्हतो.’

हे वाक्य मी बोलून गेलो आणि मग मलाच ऐकू आलं.

रात्री झोप लागेना. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी पहिल्या दिवशी शिकवतात की एकही नोंद एकटी नसते. एकाकडे जमा पडली की दुसऱ्याच्या नावे पडलीच पाहिजे. ही पद्धत १४९४ साली पाचोली नावाच्या एका इटालियन मठवासी साधूने पुस्तकात लिहून ठेवली. ज्याला जगाशी देणंघेणं नाही त्यानेच देण्याघेण्याचं शास्त्र लिहावं याचं मला कॉलेजात हसू यायचं. तेवीस वर्षं मी या गोष्टीवर हशा जमा करत होतो. तो नावे कुणाच्या पडला ते पान मी उघडलंच नव्हतं.

आता उघडलं, तर एकेक नोंद दिसायला लागली. शेवटच्या आठवड्यात ती एक स्टॉप आधीच उतरायची. तेव्हा मी त्याचा अर्थ असा लावला होता, की तिला माझ्याबरोबर थोडं चालावंसं वाटत असेल. आपणच भित्रे, उतरत नाही. आता वाटतं, घर कुठलं ते कळू नये म्हणून उतरत असेल. हिवाळ्याचे दिवस, सातलाच अंधार. आणि फोन? टेलिफोन खातं आठवड्यातून दोनदा लाईन तपासत नाही हे कळायला एक्स्चेंजमध्ये नोकरी करावी लागत नाही. तिला पहिल्याच खेपेला कळलं असेल. मग तिने लांबून हॅलो का म्हटलं? या प्रश्नाशी मी बराच वेळ पडून होतो. बहुधा घाबरलेलं माणूस सांगितलं ते करतं. खिडकीपाशी वडील कशाला गेले असतील, तेही आता नीट कळलं. ते खाली रस्त्यावर कोण उभं आहे ते पाहायला गेले असतील.

आणि तिने घरी सांगितलं असेल का? मुलगी असं काही घरी सांगते तेव्हा मुलाचं हिंडणं बंद होत नाही, मुलीचं होतं. क्लास तिने सोडला की तिला सोडावा लागला, कुणास ठाऊक. कॉस्टिंगसारखा विषय तिने घरी बसून कसा केला असेल? मला कॉस्टिंगमध्ये ६१ मिळाले. कुठला खर्च कुणाच्या माथी धरायचा, हेच त्या विषयात शिकवतात.

म्हणून हेड कॅशियर ‘त्या काळी चालायचं’ म्हणाले तेव्हा मला बोलता आलं नाही. चालायचं हे खरंच आहे. एका स्टॉपचं अंतर तिला चालायला लागायचं.

आता यावर कुणी म्हणेल, नव्या मापाने जुनं दूध मोजू नये. मलाही हे पटतं. कायदासुद्धा मागच्या तारखेने शिक्षा करत नाही. त्या सिनेमाला आज फाशी द्यावी असं माझं म्हणणं नाही. आमची ही ऐकणारही नाही. खुद्द दिया मिर्झाने पुढे सांगितलं, की या सिनेमात स्त्रियांकडे पाहण्याची दृष्टी बरोबर नव्हती. मला वाचून बरं वाटलं आणि अडचणही झाली. कारण ती आपलं काम करत होती. तिकीट काढून टाळ्या मी वाजवल्या होत्या, आणि तेही दोनदा. शिवाय सिनेमात निदान रीनाला चिडायला अर्धा तास दिलाय. माझ्या गोष्टीत त्या मुलीला ‘हॅलो’शिवाय एक वाक्य नाही. सिनेमा जुना झाला म्हणून मी नाक मुरडत होतो, पण मॅडीच्या गोष्टीपेक्षा माझीच गोष्ट जास्त शिळी निघाली. आणि माप म्हणाल तर ते काही नवं नाही. तिला त्या हिवाळ्यात भीती वाटली असेल तर ती २००१ सालीच वाटली. २०१३ चा कायदा होईपर्यंत ती थांबली नसणार.

मर्कंटाईल लॉ मला आवडायचा. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधं येणं तीन वर्षांत मुदतबाह्य होतं. पण गंमत अशी की देणं मरत नाही, फक्त कोर्टात मागता येत नाही. आणि १८७२ च्या करार कायद्यात पंचविसावं कलम आहे. ऋणकोने मुदतबाह्य देणं फेडण्याचं वचन सही करून लेखी दिलं, तर ते पुन्हा जिवंत होतं. रात्री दीड वाजता मी उठून कॅल्क्युलेटर घेतला. २४०० रुपये, आठ टक्के चक्रवाढ, तेवीस वर्षं. चौदा हजार एक्क्याण्णव. पुन्हा करून पाहिलं. तेवढेच आले. फक्त फीचे. बाकीचं कुठल्या दराने धरायचं ते मला माहीत नव्हतं.

ही जागी झाली. मी म्हटलं, ‘मी तिला शोधून काढतो. फेसबुकवर सापडेल. माफी मागतो.’

ही उठून बसली. दिवा लावला. मॅडीच्या बाजूने सबंध रिक्षाभर भांडलेली बाई मला म्हणाली, ‘म्हणजे पुन्हा तिचा पत्ता काढणार? पुन्हा तिच्याकडे अनोळखी माणसाचा निरोप जाणार? आणि तिने लांबून म्हणायचं, की माफ केलं?’

मी कॅल्क्युलेटर ठेवून दिला. सिनेमात मॅडीही माफी मागायलाच मागे लागतो, हे मला थिएटरात दिसलं होतं, अंथरुणावर दिसलं नव्हतं.

‘मग काय करू?’

‘झोपा,’ ती म्हणाली. ‘आणि ती गोष्ट सांगत जाऊ नका.’

दहा वर्षं कुणी हात न लावलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरते. पण तिचा मालक त्यानंतर केव्हाही आला तरी ती त्याला द्यावी लागते. बिनामालकीच्या ठेवी शोधता याव्यात म्हणून २०२३ साली ‘उद्गम’ नावाचं पोर्टलही निघालंय. आमच्याकडे अशी माणसं येतात. मी त्यांचे अर्ज घेतो. ठेवीदाराने येऊन मागायचं असतं. बँक त्याच्या स्टॉपवर जाऊन उभी राहत नाही.

त्या भाऊबिजेला आम्ही मेहुण्यांकडे जेवायला गेलो होतो. बासुंदी झाली, विडे झाले, आणि मेहुणे म्हणाले, ‘भावोजी, ते टेलिफोनचं होऊन जाऊ दे!’ त्यांचे एक नवे व्याही आलेले होते. त्यांनी गोष्ट ऐकलेली नव्हती. मी हिच्याकडे पाहिलं. ही बासुंदीच्या भांड्याकडे पाहत होती. कन्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती, पण तिचा अंगठा थांबलेला होता.

दुसरी गोष्ट मला येत नाही अशातला भाग नाही. सही न जुळलेल्या आजोबांची आहे. पण त्या आजोबांनाही तीन खेपा पडल्या होत्या, हे तेवढ्यात डोक्यात आलं, आणि तीही गेली. मग मी टेलिफोनचीच सुरू केली. बस, दोन बाकं, एक रुपयाचा डबा. ‘हॅलो म्हणा’ म्हटल्याबरोबर मंडळी आधीच हसू लागली. मी वडिलांपर्यंत आलो, खिडकीपर्यंत आलो, आणि म्हणालो, ‘पुढच्या महिन्यात तिने क्लास सोडला. वर्षाची फी भरलेली होती. २४०० रुपये. परत मिळत नसत.’

मंडळी थांबली. व्याह्यांनी शिष्टाचार म्हणून थोडं हसायची तयारी ठेवली होती, ती तशीच तोंडावर राहिली.

‘मग?’ मेहुण्यांनी विचारलं.

‘मग काही नाही. तिचे पैसे गेले.’

मेहुण्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘भावोजी, हे नवीन घातलंत का? पहिलाच शेवट बरा होता.’